बोटीच्या डीझेल एंजिनाची धूरपरीक्षा
धुराचा रंग व वास यांवरून बोटीच्या डीझेल एंजिनातील बिघाड ओळखण्याची रीत. सुस्थितीतील एंजिन गरम झाल्यावर त्याचा धूर जवळजवळ दिसत नाही.

१ किग्रॅ. डीझेल पूर्ण जळण्यास सु. १४.५ किग्रॅ. हवा लागते. ती कमी पडली, की काळा धूर येतो. तुंबलेला एअर फिल्टर व खराब इंजेक्टर यांप्रमाणेच पंख्यात अडकलेले जाळे किंवा तळाला चिकटलेले शिंपले-शेवाळ यांमुळे पडणारा जादा भारही त्यास कारण ठरतो. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे दर्शवितो. पिस्टन रिंगांची झीज हे त्याचे नेहमीचे कारण. पांढऱ्या धुराला डीझेलचा वास असून पाण्यावर तवंग येत असेल, तर इंधन न जळताच बाहेर पडते. थंड एंजिन सुरू करताना असे थोडा वेळ होतेच. धूरनळीत समुद्राचे पाणी सोडलेले असल्यास ते कमी पडूनही दाट वाफ दिसते. तेव्हा पाण्याची गाळणी व पंपाचा इंपेलर तपासतात. शीतक घटत असून तेल दुधाळ झाल्यास हेड गॅस्केट गेल्याचा संशय घेतात.

तेलाचा दाब, तापमान व चालू तास यांची नोंदवही ठेवल्यास अनेक दोष धूर दिसण्यापूर्वीच लक्षात येतात.