जामीन कोण?

जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नव्याने येणाऱ्यावर आज जी बंधने घातली जातात, ती कोणत्याही संग्राहकाला पाठ असतात. काही महिने नुसते पाहा, विकायला काही काढू नका. दोन जुन्या सभासदांची नावे सांगा. वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे दिल्याशिवाय भाव बोलू नका. नवख्याने पैसे आधी पाठवायचे, माल मागाहून. नवख्यांना हा जाच वाटतो. जुने म्हणतात, शिवकालीन होनाच्या नकलासुद्धा बाजारात फिरतात, तिथे दुसरा इलाज काय? इलाज हवाच. पण तो शौकिनांनी काल-परवा शोधलेला नाही. नागपूरच्या इतवारीसारख्या सराफ्यांनी तो फार आधी बांधून ठेवला होता, आणि माझे म्हणणे असे की आपण त्यातला सोपा भाग उचलला, अवघड भाग सोडून दिला.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत भोसल्यांचे रुपये मुघल बादशहाच्या नावाने पडत. शिवाय शेजारच्या टांकसाळींचे रुपये पेठेत येत, प्रत्येकाचा कस वेगळा. कंपनीने १८३५ मध्ये १८० ग्रेनचा एकसारखा रुपया काढला, तरी जुनी नाणी एका दिवसात बाजारातून उठली नाहीत. तोवर रुपया मोजून भागत नसे, तो सराफाकडून पारखून घ्यावा लागे. सराफ बट्टा कापी आणि तपासल्याची खूण म्हणून नाण्यावर आपला बारीक ठसा मारी. आजचा संग्राहक नेमक्या त्याच ठशामुळे भाव पाडतो, ही गंमत वेगळी. पारखणाऱ्याने आपली खूण मालावर ठेवायची, म्हणजे उद्या बोट कोणाकडे दाखवायचे ते ठरलेले, एवढे इथे लक्षात घ्यायचे.

हेच तत्त्व हुंडीत जास्त स्पष्ट दिसते. शहाजोग हुंडीची रक्कम वाटेल त्याच्या हाती मिळत नसे; पेठेत पत असलेल्या शहालाच ती द्यायची, असा दंडक होता. परगावचा माणूस अशी हुंडी घेऊन आला की मुनीम कागद निरखून पाही. रक्कम आकड्यात, अक्षरात आणि वर ‘निमे इतके, त्याचे दुप्पट’ अशीही लिहिलेली असे, म्हणजे शून्य वाढवायला जागा उरत नसे. कागद चोख असला तरी पैसे परक्याच्या हातात पडत नसत. त्याला ओळखीचे एखादे दुकान गाठावे लागे आणि त्या दुकानाने आपल्या नावावर रक्कम उचलावी लागे. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे घेणाऱ्या शहाने ते व्याजासह परत करायचे, नाहीतर ज्याच्याकडून हुंडी आली तो माणूस हजर करायचा. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यानेही देशी भाषांतल्या कागदांबाबतच्या स्थानिक रूढींना हात लावला नाही. नवखा चांगला की वाईट हे पेठ ठरवत बसत नव्हती. तो बुडाला तर भरणार कोण, एवढेच विचारत होती. आजच्या संग्राहकांच्या नियमात दोन नावे मागितली जातात खरी, पण माल खोटा निघाल्यावर त्या दोघांच्या खिशाला काहीच तोशीस लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी नात्यागोत्याची मक्तेदारी होती. बऱ्याच अंशी ते खरेच आहे. बिकानेरकडून आलेली बन्सीलाल अबीरचंद ही पेढी नागपूर-कामठीत परकीच होती, पण तिला आपल्या समाजाची पत पाठीशी मिळाली आणि ती मध्य प्रांतातल्या सर्वांत मोठ्या पेढ्यांत गणली गेली. नागपुरातल्या कोष्टी विणकराला तशी पत कोण देणार होते? दार होते, पण आत नेणारा जामीन जातीतूनच मिळे. हा दोष झाकण्यात अर्थ नाही. मात्र तो जामिनाच्या कल्पनेचा नाही, जामीन कोण होऊ शकतो याचा आहे, आणि छंदाच्या मंडळींना तो दुरुस्त करणे पेठेपेक्षा सोपे आहे.

दुसरा आक्षेप कायद्याचा. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे, १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, शंभर वर्षांहून जुन्या नाण्याचा व्यापार करायला परवाना लागतो; मग जामीन कशाला? कारण कायदा बहुधा उशिरा पोचतो, आणि तोवर साठा फुटला तर काय हरवते ते पाहा. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला. तो एकत्र अभ्यासता आला म्हणून नागपूरचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांना त्यातून कुंभ, कर्ण, शक सातकर्णी असे पुराणांच्या यादीत नसलेले राजे वाचता आले. तीच नाणी एकेक करून विकली गेली असती तर सुटे तुकडे उरले असते. विक्रेत्याच्या वतीने भरपाईला बांधलेला जुना सभासद नाणे कुठून आले हे आधी विचारील, कारण प्रश्न त्याच्या पैशाचा असेल.

अशाने जामीन राहायला कोणी पुढे येणार नाही, अशी भीती घातली जाते. पेठेतही हे काम कोणी पुण्य म्हणून करत नसे. परगावच्या माणसासाठी व्यवहार पाहणारा आडत्या आपली आडत घेई. संग्राहकांनाही विक्रीतले शेकडा दोन-तीन रुपये जामिनाला देता येतील. तसे सुचवले की मात्र ‘छंदात पैसा आणू नका’ म्हणतात, आणि लगेच भोसल्यांच्या एका रुपयावरून तासभर घासाघीस करतात.