माहीमचे पान, पुण्यातील पोथी आणि गंधाचे रसायन

१/
दाताच्या दवाखान्यात शिरताच नाकाला जाणवणारा वास लवंगेच्या तेलातील यूजेनॉल या रेणूचा असतो. विड्याच्या पानाच्या तेलात चॅव्हिबेटॉल नावाचा रेणू आढळतो. दोघांतही दहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि दोन ऑक्सिजन अणू आहेत. भेद इतकाच की, कड्यावरील दोन गटांनी आपापल्या जागा बदलल्या आहेत. एवढ्या अदलाबदलीने लवंगेचा वास पानाच्या वासाकडे झुकतो. ही गोष्ट माणसाला केव्हा आणि कशी कळली, याचा हा इतिहास. त्याचा आरंभ पालघरच्या किनाऱ्यावर करता येतो.

२/
येथे अभिप्रेत असलेले माहीम मुंबईतील नव्हे. केळवे आणि माहीम ही पालघरच्या पश्चिमेला, समुद्राला लागून असलेली जोडगावे आहेत. नारळ, सुपारी, केळी आणि पानवेल ही येथील वाड्यांची जुनी ओळख. ब्रिटिश काळात ठाणे जिल्ह्यातील या तालुक्याचे नावच ‘माहीम’ होते. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये वसई आणि माहीमच्या बागायतीचे वर्णन येते. मुंबईला गुजरातशी जोडणारा लोहमार्ग १८६४ मध्ये पूर्ण झाला आणि वाडीतील नाजूक पानाला दूरच्या बाजारपेठेची वाट मोकळी झाली.

३/
पानवेल हे लाडाचे पीक आहे. तिला सावली हवी, ओल हवी, पण मुळाशी साचलेले पाणी नको. फळाफुलासाठी तिला कोणी लावत नाही. जे विकायचे ते पान, आणि पानात विकायची ती त्याची चव आणि वास. म्हणून पानाची प्रत ठरवताना आकार आणि रंग यांबरोबर तिखटपणा आणि गंधही पाहिला जातो. सुगंधाचे मूल्यमापन हा येथे चैनीचा नव्हे, पोटापाण्याचा विषय आहे.

४/
सोळाव्या शतकात हा किनारा पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांतात’ मोडत होता. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी माहीम घेतले. याच पोर्तुगीज काळात गार्सिया द ऑर्ता हा वैद्य गोव्यात राहत होता. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या औषधिविषयक संवादग्रंथात विड्याच्या पानावर स्वतंत्र संवाद आहे. मलबारात याला ‘बेत्रे’ म्हणतात आणि दख्खन, गुजरातेत ‘पान’, असे तो सांगतो. पोर्तुगीजांनी प्रथम मलबार पाहिला, म्हणून त्यांच्या भाषेत मलबारी नाव रुजले. युरोपीय भाषांतील ‘बीटल’ हा शब्द त्याच वाटेने आला.

५/
ऑर्ताच्या आधी चारशे वर्षे दख्खनमध्येच तांबूलाला शास्त्राचा दर्जा मिळाला होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, इ. स. ११२९ च्या सुमारास, राजाच्या उपभोगांची तपशीलवार वर्णने आली. त्यांत तांबूलभोग आहे, विलेपनभोग आहे आणि धूपभोगही आहे. पान, उटी आणि धूप ही तिन्ही एकाच विद्येची अंगे मानली जात. त्या विद्येचे नाव गंधयुक्ती.

६/
गंधयुक्तीत केवळ कृती नव्हत्या, गणितही होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधावर एक अध्याय आहे. सोळा द्रव्यांमधून चार-चार निवडली तर किती मिश्रणे होतील, याचे उत्तर तो १८२० असे देतो. आजच्या शाळेतील संचयाचे सूत्र हेच उत्तर देते. निवडलेल्या चार द्रव्यांना एक, दोन, तीन, चार असे भाग अदलून-बदलून दिले, तर प्रत्येक निवडीचे २४ प्रकार होतात आणि एकूण संख्या ४३,६८० वर जाते.

७/
या परंपरेचा मराठी धागा मात्र दीर्घकाळ नजरेआड होता. तो उजेडात आणला परशुराम कृष्ण गोडे यांनी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांचे अभिरक्षक म्हणून त्यांनी चार दशके काम केले. राजवंश आणि लढाया यांच्या पलीकडे जाऊन तांबूल, अत्तर, गुलाबपाणी यांसारख्या रोजच्या वस्तूंचा कालक्रम ते पोथ्यांतील उल्लेखांवरून लावत असत.

८/
१९४५ मध्ये गोडे यांनी ‘गंधवाद’ या ग्रंथाच्या दुर्मीळ हस्तलिखितावर लेख प्रसिद्ध केला. मूळ ग्रंथ संस्कृत. पण त्यावर मराठी टीका होती! तिचा काळ त्यांनी साधारण १३५० ते १५५० या दोन शतकांत ठरवला. म्हणजे जुन्या मराठीत केवळ ओव्या आणि अभंग लिहिले जात नव्हते. कोणता घटक किती घ्यावा आणि त्यावर कोणता संस्कार करावा, हेही कोणीतरी समजावून सांगत होता. त्या टीकाकाराचे नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

९/
‘गंधवादा’च्या जोडीला गंगाधर या लेखकाचा ‘गंधसार’ हा ग्रंथही आहे. १९८९ मध्ये रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादित केलेले हे दोन्ही ग्रंथ, मराठी टीकेसह, वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. गंगाधर गंधनिर्मितीच्या सहा प्रक्रिया सांगतो: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्णाला द्रवाची भावना देणे, शिजवणे, धुपवणे, फुलांच्या सहवासात ठेवून वास मुरवणे असा हा कारखाना आहे. मुखवासाच्या कृतीही त्यात आहेत. पानाशी त्यांचे जवळचे नाते.

१०/
या विद्येची एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गंगाधराला द्रव्य माहीत होते, रेणू नव्हे. कस्तुरी, चंदन, कापूर, लवंग ही त्याची मूळाक्षरे. लवंगेच्या आत नेमके काय आहे, हा प्रश्न विचारायला लागणारी साधने त्याच्यापाशी नव्हती. तो प्रश्न एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रयोगशाळांनी विचारला, आणि सुगंधाचा इतिहास तेथे वळला.

११/
१८६८ मध्ये विल्यम पर्किनने कौमारिन प्रयोगशाळेत बनवले. वाळत घातलेल्या गवताचा गोड वास त्याचा. १८७४ मध्ये फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी व्हॅनिलिन तयार केले. पुढे लवंगेच्या यूजेनॉलपासूनही व्हॅनिलिन काढता येऊ लागले: अल्कलीबरोबर तापवून त्यातील एका दुहेरी बंधाची जागा सरकवायची, मग ऑक्सिडीकरण करायचे. लवंगेतून व्हॅनिला! गंध वनस्पतीत नसून रेणूच्या रचनेत असतो, याचा हा पुरावा होता.

१२/
आता पुन्हा पानाकडे. १८८९ मध्ये लाइपझिगच्या शिमेल कंपनीतील बर्ट्राम आणि गिल्डेमायस्टर यांनी सियामच्या पानाच्या तेलातून एक फिनॉल वेगळे केले. तेच आजचे चॅव्हिबेटॉल. त्याच वर्षी डच रसायनज्ञ योहान एइकमन याने जावाच्या पानातून दुसराच रेणू काढला: चॅव्हिकॉल. बेरीबेरीवरील संशोधनासाठी नोबेल मिळवणारा ख्रिस्तियान एइकमन हा त्याचा भाऊ. पानवेलीचे तेव्हाचे एक शास्त्रीय नाव ‘चॅव्हिका’ होते. आयुर्वेदाच्या वाचकाला त्यात ‘चविका’ ऐकू येईल.

१३/
सियामचे पान एक सांगते आणि जावाचे दुसरे, यात चूक कोणाचीच नव्हती. पानवेल एकच असली तरी जात आणि भूमी बदलली की तेलाची घडण बदलते. बंगला पानात यूजेनॉलचे प्राबल्य आढळते. मिठ्या पानात बडीशेपेच्या वासाचे ॲनेथोल असते. ‘त्या गावचे पान वेगळे’ हा तांबोळ्याचा दावा रसायनशास्त्राने खोडला नाही. उलट त्याला आकड्यांचा आधार दिला.

१४/
या शोधांचे अर्थकारण विसरता येत नाही. १८९३ मध्ये टीमान आणि क्र्यूगर यांनी सिट्रालपासून आयोनोन बनवले आणि व्हायोलेट फुलांचा महागडा वास स्वस्त झाला. सिट्रालचा मोठा स्रोत म्हणजे गवती चहाचे तेल, आणि ते मलबार किनाऱ्यावरून निर्यात होत असे. कच्चा माल इकडचा, एकस्व तिकडचे. वसाहतकाळातील कापसाची कथा सुगंधातही घडली. फक्त ती डोळ्यांना दिसत नव्हती.

१५/
स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदलण्याचा एक प्रयत्न पुन्हा पुण्यातच झाला. ३ जानेवारी १९५० रोजी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तेथे शशांक चंद्र भट्टाचार्य यांच्या गटाने सुगंधी तेलांवर काम केले. कस्तुरीच्या वासामागे पंधरा कार्बनांचे मोठे कडे असते, हे लिओपोल्ड रुझिका यांनी १९२६ मध्ये दाखवले होते. पुण्याच्या गटाने अशी कडी बांधण्यासाठी भारतीय लाखेतील ॲल्युरिटिक आम्ल वापरले. १९६३ मध्ये हे काम लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या लाखेच्या बांगड्या होतात, तिच्यातून कस्तुरीचा गंध.

१६/
याच सुमारास उलट दिशेने जाणारी एक नोंदही झाली. पहिल्या पावसाच्या मृद्गंधावर इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९६४ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख लिहिला आणि ‘पेट्रिकोर’ हा शब्द घडवला. कनौजचे अत्तरवाले हा वास भाजलेल्या मातीतून चंदनाच्या तेलात उतरवून आधीपासून विकत आहेत, याची दखल त्यांनी त्या लेखात घेतली. कारागिराच्या ज्ञानाला मिळालेले असे श्रेय विज्ञानाच्या इतिहासात विरळा.

१७/
रेणू कळला तरी नाक कळायला आणखी वेळ लागला. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदरवर्गीय प्राण्यात गंधग्राहकांची जनुके शोधली. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. माणसात असे सुमारे ४०० प्रकारचे कार्यक्षम ग्राहक आहेत. एक रेणू अनेक ग्राहकांना कमी-अधिक जागवतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना ओळखतो. मेंदू वाचतो तो हा जुळणीचा नमुना. म्हणून दोन गटांची जागा बदलताच नमुना बदलतो आणि लवंगेचे पान होते.

१८/
जुळणी म्हटले की वराहमिहिराचे १८२० आठवतात. पण ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे म्हणणे इतिहासाला मान्य नाही. त्याचे गणित द्रव्यांचे होते, ग्राहकांचे नव्हे. त्याला जनुक ठाऊक नव्हते. त्याच्याविषयी खरे आणि पुरेसे विधान हे की, मूठभर घटकांतून हजारो गंध जन्मतात, हे त्याने मोजून दाखवले. त्याला तेवढे श्रेय द्यावे. अधिक दिले तर त्याचे स्वतःचे काम झाकोळते.

१९/
आता माहीमच्या उत्तरेला पाहावे. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत रंग, औषधे आणि रसायने यांनी भरली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर, म्हणजे सर्वांत प्रदूषित ठरले. तत्पूर्वी, २०१६ मध्ये, मच्छीमार मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. ज्या सेंद्रिय रसायनशास्त्राने लवंगेतून व्हॅनिला काढला, त्याचीच ही दुसरी बाजू.

२०/
येथे गंधाचा प्रश्न न्यायाचा होतो. सांडपाण्याची आम्लता मोजता येते, पाण्यातील प्राणवायू मोजता येतो. वास मात्र सांगणाऱ्याच्या शब्दावर उभा असतो. त्यातच नाकाला सवय होते. सतत येणारा वास काही वेळाने जाणवेनासा होतो. म्हणून ‘आता तर वास येत नाही’ हे विधान वास नसल्याचा पुरावा ठरत नाही. मंडळाने २००८ मध्ये दुर्गंध प्रदूषणावर मार्गदर्शिका काढली, ती याच अडचणीमुळे महत्त्वाची आहे.

२१/
दुर्गंधाची तीव्रता मोजण्याची आजची प्रमाणित पद्धतही अखेर माणसावर येऊन थांबते. हवेचा नमुना शुद्ध हवेने विरळ करत जातात आणि निवडलेल्या गटातील निम्म्या लोकांना वास येईनासा होईपर्यंत किती वेळा विरळ करावा लागला, ते मोजतात. यंत्र कितीही सूक्ष्म असो, अंतिम पंच नाकच. तसे असेल, तर पान हाती घेऊन त्याची प्रत सांगणारा माहीमचा बागायतदार आणि खाडीचा वास बदलला असे सांगणारी मासेविक्री करणारी बाई, यांचे म्हणणे केवळ ‘भावना’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

२२/
इतिहासाच्या साधनांत गंध सर्वांत दुबळा. नाणे उरते, शिलालेख उरतो, किल्ल्याची भिंत उरते. वास त्याच दिवशी उडून जातो. मागे राहते ती कोणीतरी केलेली नोंद. काही शतकांपूर्वी एका अनाम मराठी टीकाकाराने आपल्या भाषेत ती केली, आणि गोड्यांनी तिला पुन्हा वाचक मिळवून दिला. माहीमच्या वाड्यांत आज पानाच्या वासाला आणि चवीला जे शब्द वापरात आहेत, त्यांचा संग्रह झाला तर तो त्याच पोथीचा पुढचा अध्याय ठरेल. वाड्या आहेत आणि ते शब्द बोलणारी माणसे आहेत, तोवरच तो लिहिता येईल.