पूर्वनियती आणि इच्छास्वातंत्र्य (ख्रिस्ती धर्म)

पूर्वनियती आणि इच्छास्वातंत्र्य हा ख्रिस्ती तारणशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. मनुष्याचे तारण देवाने अनादिकाळी केलेल्या निवडीमुळे होते, की देवाच्या कृपेला मनुष्याने दिलेल्या स्वतंत्र प्रतिसादामुळे, असे या प्रश्नाचे स्वरूप आहे. तारण केवळ मानवी प्रयत्नाने मिळत नाही, त्यासाठी देवाची कृपा अपरिहार्य आहे, हे ख्रिस्ती धर्माच्या सर्व प्रमुख पंथांना मान्य आहे. मतभेद आहे तो कृपा मनुष्याला नाकारता येते किंवा नाही आणि देवाची निवड मनुष्याच्या विश्वासावर अवलंबून असते किंवा नाही, या दोन मुद्द्यांवर. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, दोन्ही मतांच्या मिशनरी परंपरा एकोणिसाव्या शतकात शेजारी शेजारी रुजल्या.

बायबलमधील आधार

पूर्वनियतीच्या समर्थनार्थ प्रामुख्याने प्रेषित पौलाची पत्रे पुढे केली जातात. रोमकरांस पत्र (८:२९-३० व अध्याय ९) आणि इफिसकरांस पत्र (१:४-५) यांत देवाने आपल्या लोकांना आगाऊ नेमल्याचा उल्लेख आहे. याउलट तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (२:४) सर्व मनुष्यांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा असल्याचे म्हटले आहे. पश्चात्ताप करा, विश्वास ठेवा अशी आवाहनेही बायबलमध्ये ठिकठिकाणी आढळतात. निवडीचे स्वातंत्र्यच नसेल तर अशा आवाहनांना अर्थ उरत नाही, असा इच्छास्वातंत्र्यवाद्यांचा युक्तिवाद आहे. फिलिप्पैकरांस पत्रात (२:१२-१३) तर मनुष्याचा प्रयत्न आणि त्याच्या ठायी चाललेले देवाचे कार्य या दोन्ही गोष्टी लागोपाठ सांगितल्या आहेत.

ऐतिहासिक विकास

पाचव्या शतकात पेलागियस या तपस्व्याने मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने सदाचारी राहू शकतो असे प्रतिपादन केले. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याचे खंडन केले. आदामाच्या पतनामुळे मानवी इच्छा पापाच्या अधीन झाली असून कृपेशिवाय ती देवाकडे वळू शकत नाही, असे त्याचे मत होते. ४१८ च्या कार्थेज येथील परिषदेने पेलागियसचे मत अमान्य केले. ५२९ च्या ऑरेंज येथील परिषदेने कृपेचे प्राधान्य मान्य केले, मात्र देव कोणाला दुष्कृत्यासाठी नेमतो ही कल्पना फेटाळली.

धर्मसुधारणेच्या काळात हा वाद पुन्हा पेटला. इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, तर मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये मानवी इच्छा बद्ध असल्याचे प्रतिपादन करून त्याला उत्तर दिले. जॉन कॅल्व्हिन (१५०९–१५६४) याने पूर्वनियतीची अधिक पद्धतशीर मांडणी केली. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये कृपेने प्रेरित झालेली मानवी इच्छा कृपेशी सहकार्य करते व ती कृपा नाकारूही शकते, असा निर्णय दिला. पुढे कॅथलिकांमध्येही जेझुइट व डोमिनिकन संघांत याच विषयावर दीर्घ वाद झाला. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणत्याही पक्षाला दोषी न ठरवता तो थांबवला.

प्रमुख मते

कॅल्व्हिनवाद : देवाची निवड बिनशर्त असते. ती मनुष्याच्या गुणांवर किंवा भावी विश्वासावर अवलंबून नसते. ज्यांना देव निवडतो त्यांच्या बाबतीत त्याची कृपा निष्फळ होत नाही आणि ते अखेरपर्यंत विश्वासात टिकतात. नेदरलँड्समधील डॉर्ट येथील धर्मसभेने (१६१८–१९) या मताची अधिकृत मांडणी केली. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चने स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रातही (१६४६) हेच मत आहे.

आर्मिनियनवाद : डच धर्मपंडित याकोबस आर्मिनियस (१५६०–१६०९) याच्या मते, कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो व त्या पूर्वज्ञानानुसार निवड करतो. आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये आपली भूमिका पाच कलमांत मांडली. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–१७९१) याने हे मत मेथडिस्ट चळवळीत रुजवले. देव प्रत्येक मनुष्याला पूर्वगामी कृपा देतो आणि त्यामुळेच मनुष्य होकार किंवा नकार देण्यास समर्थ होतो, असे वेस्ली मानत असे. त्याचा सहकारी जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्व्हिनवादी असल्याने दोघांत मतभेद झाले.

मोलिनावाद : लुइस दे मोलिना (१५३५–१६००) या स्पॅनिश जेझुइटाने तिसरा मार्ग सुचवला. कोणत्या परिस्थितीत कोणता मनुष्य स्वेच्छेने काय करील याचे ज्ञान देवाला असते. त्यामुळे ईश्वरी योजना आणि मानवी स्वातंत्र्य दोन्ही अबाधित राहतात, असे त्याचे म्हणणे होते.

महाराष्ट्रातील परंपरा

मुंबईत १८१३ मध्ये आलेले आणि पुढे अहमदनगर येथे केंद्र असलेले अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे होते. या परंपरेला कॅल्व्हिनवादी वारसा होता. स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) यांनी १८४५ मध्ये नागपूर येथे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे कार्य सुरू केले. हे चर्च वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र मानणारे होते. दुसरीकडे यवतमाळ भागात फ्री मेथडिस्ट, तर बुलढाणा व वाशीम भागात चर्च ऑफ द नॅझरीन या वेस्लीच्या परंपरेतील पंथांनी काम केले. वर्धा जिल्हा व त्यातील हिंगणघाटचा परिसर भौगोलिकदृष्ट्या नागपूर आणि यवतमाळ या दोन केंद्रांच्या शेजारी येतो.

कवी नारायण वामन टिळक यांच्या चरित्रातील एक प्रसंग या प्रश्नाच्या संदर्भात लक्षणीय आहे. १८९० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात असताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. हा प्रवासी म्हणजे फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड होय, असे मानले जाते. टिळकांनी त्यानंतर दीर्घ वाचन व मनन केले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कॅल्व्हिनवादी दृष्टीने अशा घटनेत देवाची आधीच झालेली निवड प्रकट होते. आर्मिनियन दृष्टीने ती कृपेच्या आवाहनाला विचारपूर्वक दिलेला होकार ठरते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी मात्र पतीच्या मागोमाग धर्मांतर केले नाही. त्यांनी सुमारे पाच वर्षांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स तसेच ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथडिस्ट असे सहा घटक एकत्र आले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च या ऐक्यात सामील झाले नाही. पूर्वनियतीविषयी भिन्न मतांचा वारसा असलेल्या मंडळ्या अशा रीतीने एकाच चर्चमध्ये आल्या. बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही प्रथांना या चर्चने मान्यता दिली. १९५३ मध्ये यवतमाळ येथे स्थापन झालेली व १९८३ मध्ये पुण्यात स्थलांतरित झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी हीदेखील विविध पंथांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिक्षण देणारी संस्था आहे.

प्रारब्ध आणि पूर्वनियती

मराठीत पूर्वनियती या शब्दामुळे प्रारब्ध, नशीब किंवा ललाटलेख यांचा बोध होण्याची शक्यता असते. तथापि या संकल्पना भिन्न आहेत. प्रारब्ध हे जीवाच्या पूर्वकर्माचे फळ असते, म्हणजेच त्याचे मूळ कर्त्याच्या कृतीत असते. कॅल्व्हिनवादी पूर्वनियतीत मात्र मनुष्याच्या कोणत्याही कर्माचा विचार न करता केवळ देवाच्या इच्छेने निवड होते. शिवाय तिचा मुख्य विषय ऐहिक सुखदुःख हा नसून अंतिम तारण हा आहे.

भारतीय परंपरेत याला अधिक जवळचा वाद रामानुजांच्या श्रीवैष्णव संप्रदायात आढळतो. माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून ठेवते, तर मांजराच्या पिलाला आईच उचलून नेते. या दृष्टांतांवरून भक्ताच्या प्रयत्नाला स्थान देणाऱ्या मताला मर्कटन्याय आणि सर्वस्वी ईश्वरावर विसंबणाऱ्या मताला मार्जारन्याय म्हणतात.

आक्षेप व उत्तरे

बिनशर्त निवड मानल्यास न निवडलेल्यांच्या बाबतीत देव अन्यायी ठरतो, तसेच धर्मप्रसार व प्रार्थना निरर्थक ठरतात, असा कॅल्व्हिनवादावर आक्षेप घेतला जातो. सर्व मनुष्य पापी असल्याने तारण हा कोणाचाच हक्क नाही आणि धर्मप्रसार हे निवडलेल्यांपर्यंत पोहोचण्याचे देवाने ठरवलेले साधन आहे, असे कॅल्व्हिनवादी उत्तर देतात. आर्मिनियनवादावर असा आक्षेप आहे की त्यात तारणाचा अंतिम निर्णय मनुष्याच्या हाती जातो व कृपेचे महत्त्व कमी होते. भिकाऱ्याने दान घेण्यासाठी हात पुढे केला म्हणून ते दान त्याची कमाई ठरत नाही, अशा आशयाचे उत्तर आर्मिनियन पक्ष देतो.