बुलेटचं उत्खनन

मनमाडला उतरणारा माणूस बहुधा मनमाडला आलेला नसतो. त्याला शिर्डीला जायचं असतं, नाही तर नांदेडला. मनमाडला तो फक्त गाडी बदलतो. आमच्या गावाचं सगळं आयुष्यच या गाडी बदलण्यात गेलं. एका बाजूने मुंबईची रुंद रुळांची लाइन, दुसऱ्या बाजूने निजामाच्या मुलखातून आलेली मीटर गेज. १९०० च्या सुमारास त्या दोघींची इथे गाठ पडली, आणि १९९० च्या दशकात मीटर गेज उखडेपर्यंत माणसं ट्रंका-वळकट्या डोक्यावर घेऊन एका मापातून दुसऱ्या मापात शिरत राहिली.

अशा या गावात आमच्या ओसरीवर एक गाडी वीस-बावीस वर्षं न बदलता, न हलता उभी होती. ती म्हणजे अण्णांची बुलेट.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, इथल्या रेल्वेच्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथे पुलांचे गर्डर तयार होतात. गर्डर बनवणाऱ्या माणसाला जगातली कुठलीही वस्तू हलकी असावी हे पटत नाही. १९७५ साली शेजारपाजारचे लोक स्कूटरसाठी नंबर लावून बसले होते, तेव्हा अण्णांनी लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांच्या लिलावातून १९६७ सालची ही बुलेट आणली. त्यावर आईची पहिली प्रतिक्रिया, "ही दारात ठेवायची की दार हिच्यात ठेवायचं?" अशी होती म्हणतात.

अण्णा गेले आणि बुलेट उभी राहिली ती राहिलीच. तिच्या हँडलवर पिशव्या लटकू लागल्या. सीटवर वाळवणाच्या दिवसांत कुरडयांचं ताट स्थिरावलं. मांजरीच्या तीन पिढ्या तिच्या आडोशाला जन्मल्या. मला स्वतःला ती चालवता येत नसे. मी इतिहासाचा मास्तर. मागे काय घडलं ते सांगणं हा माझा धंदा. पुढे जाण्याशी माझा फारसा संबंध आला नाही.

मागच्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला. बुलेटवरची पोती त्याने बाजूला केली आणि दोन पावलं मागे सरून म्हणाला, "काका, ही आपण रिस्टोअर करू या!"

"म्हणजे दुरुस्त?"

"दुरुस्त नाही हो. मूळ रूपात आणायची. ओरिजिनल!"

मी सावध झालो. बत्तीस वर्षं इतिहास शिकवल्यावर माणूस 'मूळ' या शब्दाला फार भितो. जगातल्या निम्म्या भांडणांचं मूळ या 'मूळ'मध्येच आहे.

"आणि ते नको असेल तर कस्टम करू." असं म्हणून त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवलं. त्यात गाडीचे पुढचे दांडे इतके लांबवले होते, की सीट मनमाडला ठेवली तर पुढचं चाक अनकाई किल्ल्याच्या पायथ्याला लागावं. मी घाईघाईने म्हणालो, "रिस्टोअरच करू."

या कामी आम्ही चाचांना गाठलं. चाचांनी पन्नास वर्षं गॅरेज चालवलं. आता नजर अधू झाल्यामुळे ते घरी असतात. ते आले, गाडीवरून हात फिरवला, किकवर पाय ठेवला. किक हलेना. "पिस्टन जाम," चाचा म्हणाले. "मास्तर, माणूस रिटायर झाल्यावर असाच बसतो. थोडं तेल सोडा, आठ दिवस थांबा. जोर नाही करायचा." हा उपदेश पिस्टनसाठी होता की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही. प्लगच्या भोकातून तेल सोडलं. नवव्या दिवशी चाचांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक पुढेमागे झुलवलं, तेव्हा आतून एक निःश्वास आला आणि पिस्टन सुटला.

मग गाडी खोलायला घेतली. चार दिवसांत ओसरीभर बुलेट पसरली. नटबोल्ट हरवू नयेत म्हणून पुतण्याने स्वयंपाकघरातून इडलीपात्र पळवलं. त्याच्या खळग्यांत नट, वॉशर, स्प्रिंगा अशी मांडामांड झाली. सौभाग्यवतींना हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. त्यानंतर आमच्या घरी इडली झालेली नाही.

पुतण्याने पुण्याहून पान्यांची चकचकीत पेटी आणली होती. त्यातला एकही पाना धड बसेना. एक सैल, दुसरा आत जाईना. चाचा हसले. "ते सगळे मिलिमीटरचे. ही जुनी बुलेट आहे, हिला इंची पाना लागतो." आणि माझी जिज्ञासा चाळवली. दिवसा मी डिझेलमध्ये पार्ट धुऊ लागलो आणि रात्री बुलेटचा इतिहास वाचू लागलो.

हिचं कुळ निघालं सुयांचं! इंग्लंडमध्ये रेडिच नावाचं गाव आहे. ते शिवणाच्या सुयांसाठी प्रसिद्ध. तिथल्या एका सुया करणाऱ्या कारखान्याने पुढे सायकली करायला घेतल्या. त्याच कारखान्याला एनफिल्ड या ठिकाणच्या सरकारी बंदूक कारखान्याचे सुटे भाग करायचं काम मिळालं. झालं! १८९३ साली सायकलींना 'रॉयल एनफिल्ड' हे नाव चिकटलं, आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' हे बिरुद आलं. १९०१ साली मोटरसायकल आली, १९३२ च्या सुमारास 'बुलेट' हे नाव आलं. सुईचं बंदूक झालं आणि बंदुकीतून गोळी सुटली. आपल्याकडे घराण्यांच्या बखरी लिहिणाऱ्यांनीही इतकी सरळ वंशावळ कधी दिली नसेल.

आता प्रश्न असा, की ही इंग्रजाची लेक आपल्याकडे नांदायला कशी आली? मद्रासच्या मद्रास मोटर्सने १९४९ पासून या गाड्या मागवायला सुरुवात केली. सरहद्दीवर गस्त घालायला लष्कराला दणकट गाडी हवी होती. त्याला ही पसंत पडली. १९५५ साली मद्रासवाले आणि रेडिचवाले यांची भागीदारी झाली, तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आधी तिकडून सुटे भाग यायचे आणि इथे जोडले जायचे. १९६२ पर्यंत सगळेच भाग इथे बनू लागले.

गंमत पुढेच आहे. याच वर्षांत आपला देश माप बदलत होता. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले. शेर गेले, मैल गेले. पण बुलेटचे नट इंचातच राहिले. तिकडे १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला, आणि १९७० मध्ये उरलेला कारभारही आटोपला. आपण मात्र त्यांनी शिकवलेली गाडी तश्शीच करत राहिलो. मास्तर वारले तरी शाळा विद्यार्थ्यांनी चालूच ठेवली! आणि १९७७ साली मद्रासची बुलेट इंग्लंडला विकायला गेली. इंग्रजाने इंग्रजाचीच गाडी हिंदुस्थानातून विकत घ्यावी, यापेक्षा गोड सूड इतिहासात मला दुसरा सापडलेला नाही.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, तो पॉलिश पेपर द्या."

कारण रंग खरवडणं चालू होतं. वरचा थर निळा. तो धाकट्या भावाच्या कॉलेजच्या दिवसांतला. निळ्याखाली काळा, तो अण्णांनी दिलेला, मी लहानपणी पाहिलेला. काळ्याखाली हिरवट खाकी निघाला तेव्हा मी ओरडलोच, "लष्कराचा!" डॉ. सांकलियांनी नेवाशाला खणताना एकाखाली एक थर काढले, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते मला ओसरीवर बसून कळलं.

"हाच मूळ रंग," पुतण्या म्हणाला. "हाच द्यायचा."

"पण त्याखाली तांबडा दिसतोय."

"तो प्रायमर आहे, काका!"

"आणि त्याच्याखाली लोखंड. मुळाशीच जायचं तर मग थेट खाणीपर्यंत जाऊ."

पुतण्या रागावला. पण मला खरंच कळेना. सिलिंडर मापायला नेला, तर तो आधीच दोनदा बोअर करून झालेला. आता चाळीस साइझचा पिस्टन बसणार, म्हणजे कारखान्याच्या मापापेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर मोठा. लोखंड खाल्लं ते खाल्लं, ते परत येत नाही. ३४६ सी.सी.ची म्हणून जन्माला आलेली गाडी आता ३५६ च्या घरात गेली होती. माणसाचंही पोट चाळिशीनंतर मूळ मापावर येत नाही. त्याला कुणी रिस्टोअर करत नाही.

पुतण्याच्या हट्टाला कारण होतं. २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांपुढच्या जुन्या गाड्यांसाठी नियम केले. गाडी मूळ रूपात असेल, तिच्यात मोठे फेरफार नसतील, तर वीस हजार रुपये भरून तिला 'व्हीए' अक्षरांची खास पाटी मिळते. त्याला ती पाटी हवी होती. मी नियम पुढे वाचले. अशी गाडी प्रदर्शनात नेता येते, रॅलीत नेता येते, पेट्रोल भरायला नेता येते. रोजच्या वापराला काढता येत नाही. बरं, मनासारखी कापून घ्यावी, तर कारखान्याने केलेल्या मूळ बांधणीत बदल चालणार नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल. म्हणजे बदललीत तर गुन्हा, आणि जपलीत तर भाजी आणायची नाही!

असे आम्ही वाद घालत असताना एक दिवस आई काठी टेकत ओसरीवर आली. आई आता चौऱ्याऐंशीची. नातवंडांची नावं एकमेकांना देते, जेवली की नाही ते तिच्या लक्षात राहत नाही. तिने त्या पसाऱ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "माझी फळी कुठाय?"

मला एकदम आठवलं. गाडीच्या डाव्या अंगाला एक लोखंडी फळी होती. आई एका बाजूला पाय सोडून बसायची, तिचे पाय लोंबकळत राहायचे. म्हणून अण्णांनी जुन्या कॉटच्या पट्टीची फळी करून तिथे ठोकली होती. गर्डरवाल्याचंच काम ते. एकटी फळी दोन किलोची असेल.

"ती ओरिजिनल नव्हती," पुतण्या हळूच म्हणाला. "मी भंगारात दिली."

दिली होती चार दिवसांपूर्वी. मी आणि पुतण्या भंगारवाल्याकडे धावलो. डोंगराएवढ्या लोखंडात दीड तास उकरलं. नेवाशाला इतकं खणावं लागलं नसेल. शेवटी एका मोडक्या कूलरखाली फळी सापडली. अण्णांनी तिच्यावर पाय घसरू नये म्हणून छिन्नीने फुल्या फुल्या मारल्या होत्या. पुतण्या त्या फुल्यांवरून अंगठा फिरवत बराच वेळ उभा राहिला. भंगारवाल्याने विकत घेताना तिला लोखंड म्हटलं होतं. परत देताना ती अँटिक झाली. पुतण्याने घासाघीस केली नाही.

घरी येऊन त्याने स्वतः ती फळी घासली आणि म्हणाला, "काका, काळाच रंग देऊ." व्हीए पाटीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

गाडी जोडून झाली. आता चालू करायची. बुलेटची किक हा एक विधी आहे. चावी फिरवायची, किक हळूहळू दाबायची, अँपिअरच्या काट्याकडे बघायचं. काटा डावीकडे झुकलेला मध्यावर आला की थांबायचं, डीकॉम्प्रेशनची छोटी मूठ दाबून पिस्टन केसभर पुढे सरकवायचा, मूठ सोडायची, आणि मग सगळा जीव एका पायात आणून किक मारायची. मी सगळा जीव आणला. गाडीने तो परत केला. उलट्या किकने मी तुळशीवृंदावनापाशी जाऊन बसलो. चाचा म्हणाले, "घाबरू नका मास्तर. ओळख विसरली ती तुमची." पुढची किक पुतण्याने मारली आणि गाडी चालू झाली. धडधडधडधड! शेजारची पोरं धावली, मांजर पळालं, सौभाग्यवतींनी पेढे काढले. चाचांनी अल्लाचे आभार मानले, पुतण्याने मोबाइल काढला.

आई उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "यांची अशी वाजत नव्हती."

आम्ही समजूत घालू लागलो. पण चाचांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं. "काय झालं, आईसाहेब?"

"घाईत बोलतेय. यांची सावकाश बोलायची. फाटकाशी आले की इथे ऐकू यायची. मग मी चहा ठेवायचे."

चाचांनी कान लावला. मान हलवली. "टायमिंग पुढे आहे. माझीच चूक, आता पॉइंट दिसत नाहीत. म्हणून तर मास्तरांना लाथ बसली!" त्यांनी झाकण काढलं, प्लेटचे दोन स्क्रू सैल केले, प्लेट केसभर फिरवली. "आता?" आईने मान हलवली. अजून केसभर. "आता?"

धड... धड... धड... धड...

मूळ म्हणजे काय, याचं उत्तर मला पुस्तकांत मिळालं नव्हतं, ते रंगाच्या थराखालीही नव्हतं. ते आईच्या कानात होतं.

"हां," आई म्हणाली आणि काठी भिंतीला टेकवून आत गेली. दोन वर्षांत ती एकटी स्वयंपाकघरात गेली नव्हती. थोड्या वेळाने चहा आला. त्यात साखर नव्हती. कुणी काही बोललं नाही. चाचांनी तर दुसरा कप मागून घेतला.