पिसाळलेल्या कुत्र्याचा विषाणू आणि मेंदूचा नकाशा

आमच्या लहानपणी कुणाला कुत्रं चावलं की मोठी माणसं म्हणायची, "आता पोटात चौदा इंजेक्शनं!" मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून केलेली ती लस. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झालं. त्या इंजेक्शनांच्या धास्तीनं आमच्या आळीतल्या एका मुलानं कुत्रं चावल्याचं घरी सांगितलंच नाही. जखम भरली. दीडेक महिन्यानं पाण्याचा पेला पुढे केला की तो किंचाळू लागला, आणि चार दिवसांत गेला. मधल्या दिवसांत तो रोग होता तरी कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता.

तो वाटेत होता. विषाणू लाळेतून स्नायूत शिरतो आणि तिथल्या मज्जातंतूचं टोक पकडतो. मग एका चेतापेशीतून तिला संदेश देणाऱ्या मागच्या पेशीत, तिथून आणखी मागे, असा उलटा प्रवास करत मेंदू गाठतो.

आता दुसरी गोष्ट. १८७३ मध्ये इटलीत कॅमिलो गोल्जी यांनी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत चांदीच्या क्षारानं चेतापेशी काळ्या रंगवण्याची युक्ती शोधली. स्पेनच्या काहाल यांनी तीच वापरून अप्रतिम चित्रं काढली. दोघांना १९०६ चं नोबेल विभागून मिळालं, आणि मतं मात्र शेवटपर्यंत जुळली नाहीत! पण रंगानं पेशीचा आकार दिसे. तिला नेमकं कोण संदेश देतं ते कळत नसे. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी. गंमत म्हणजे गोल्जींच्याच प्रयोगशाळेत १९०३ मध्ये नेग्री यांना रेबीजनं मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूपेशींत ठिपके सापडले. रोगाची खूण मिळाली, पण हाच रोग वाट दाखवील हे तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.

१९९५ मध्ये गाब्रिएला उगोलिनी यांनी दाखवून दिलं की हा विषाणू जोडलेल्या पेशींतूनच मागे मागे जातो. अडचण एकच, तो थांबत नाही. सापडलेली पेशी थेट जोडलेली की चार घरं पलीकडची, ओळखायचं कसं?

यावरचा तोडगा मला फार आवडला. रेबीजच्या विषाणूकडे जनुकं अवघी पाच. त्यातलं एक, बाहेरच्या काट्यांचं, जर्मनीत कॉन्झेलमान यांच्या गटानं काढून टाकलं होतं. काटे नाहीत म्हणजे पुढच्या पेशीत शिरकाव नाही. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये विकरशॅम, कॅलवे आणि सहकाऱ्यांनी या विषाणूला पक्ष्यांच्या एका विषाणूचं आवरण चढवलं. त्याचं कुलूप सस्तन प्राण्यांच्या पेशीवर नसतंच. त्यांनी ते निवडक पेशींवर बसवलं आणि काढलेलं जनुकही तिथेच ठेवलं. त्यामुळे विषाणू त्या पेशीत शिरतो, उसने काटे घेऊन एक पायरी मागे जातो, आणि तिथे काटे नसल्यानं अडकतो. सोबतच्या चमकणाऱ्या प्रथिनामुळे नेमक्या तेवढ्याच पेशी उजळतात.

अर्थात, स्वभाव पुरता गेला नव्हता. अडकलेला विषाणूही काही आठवड्यांत पेशी मारतो, म्हणजे नकाशा मिळतो पण ते घर पडतं. २०१८ मध्ये विकरशॅम यांच्याच गटानं आणखी एक जनुक काढलं, तेव्हा पेशी जगू लागल्या. मागच्या पेशीत उडी मारायला लावण्याचं काम मात्र त्या नव्या रूपाकडून लगेच झालं नाही, त्यावर पुढेही खटपट करावी लागली.

आणि लक्षणं दिसल्यावर रेबीज झालेला माणूस आजही जवळजवळ वाचत नाही. कुत्रं चावलं तर जखम लगेच साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आता इंजेक्शनं दंडात देतात, चौदाही नसतात. नातवंडांना हे जरूर सांगा, म्हणजे ती लपवणार नाहीत.