तांबीची कुळकथा

तांबी कधी हातात घेऊन पाहिली आहे? बसवून घेतलेल्या बहुतेक जणींनीही पाहिलेली नसते. पांढऱ्या प्लॅस्टिकचा टी, उंची ३६ मिलिमीटर, रुंदी ३२. उभ्या दांडीला तांब्याची बारीक तार घट्ट गुंडाळलेली, आडव्या दोन्ही हातांवर तांब्याची एकेक नळी आणि खाली लोंबणारे दोन दोरे. तिच्या ‘३८०ए’ या नावातले ३८० म्हणजे त्यावरच्या तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. गर्भाशयात बसवलेल्या एवढ्याशा तांब्यावर गर्भनिरोधाची दहा वर्षं निभावतात.

तिचं कूळ सांगताना हमखास उंटाची गोष्ट निघते. लांबच्या प्रवासात सांडणी गाभण राहू नये म्हणून अरब तिच्या गर्भाशयात खडे ठेवत, अशी. गोष्ट रंगतदार आहे, पण तिला आधार काही नाही. लेखी इतिहास सुरू होतो १९०९ मध्ये. जर्मनीतल्या रिश्टर नावाच्या डॉक्टरांनी रेशीमकिड्यापासून काढलेल्या तंतूचं कडं गर्भाशयात बसवल्याचं प्रसिद्ध केलं आणि ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं बर्लिनच्या अर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी, १९२०च्या दशकात. आधी त्यांनीही रेशमी तंतूच वापरला, मग त्यावर चांदीची तार गुंडाळली. तंतूच्या कड्यानं शंभरात तिघींना दिवस जात, चांदीच्या कड्यानं दीडच्या आसपास. श्रेय अर्थातच चांदीला मिळालं. पण ती चांदी शुद्ध नव्हती, तिच्यात पाव हिस्सा तांबं होतं. म्हणजे तांबं तेव्हाच कामाला लागलेलं होतं, फक्त त्याचा कुणाला पत्ता नव्हता.

डॉक्टरमंडळींनी हे कडं झिडकारलं, आणि ते अगदीच उगाच नव्हतं. प्रतिजैविकांआधीचा काळ, गर्भाशयात जंतू शिरले तर बाई हातची जायची. पुढे नाझी आले. ग्रेफेनबर्ग ज्यू, त्यांची नोकरी गेली, तुरुंगवास झाला. त्यांना सोडवण्यासाठी धडपडणाऱ्यांत अमेरिकेत संततिनियमनाची चळवळ चालवणाऱ्या मार्गारेट सँगर होत्या. याच सँगरबाई डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींशी संततिनियमनावर वाद घालून गेल्या होत्या. गांधीजी संयमावरून हलले नाहीत. मुंबईत र. धों. कर्वे तर १९२१ पासूनच संततिनियमनाचं केंद्र चालवत होते, आणि त्याची किंमत त्यांनी प्राध्यापकी गमावून मोजली होती.

युद्धानंतर प्लॅस्टिक आलं. अमेरिकेतल्या बफेलोच्या जॅक लिपीस यांनी १९६०च्या सुमारास दुहेरी एसच्या आकाराचा लूप काढला. नळीत सरळ करून आत सरकवायचा, आत गेला की पुन्हा वळणावर येतो, आणि खालच्या दोऱ्यावरून तो जागेवर आहे हे कळतं. भारत सरकारला हे हवंच होतं. १९६५ मध्ये लूप राष्ट्रीय कार्यक्रमात आला, कानपूरला त्याचा कारखाना निघाला, जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्टं वाटली गेली. पहिल्या दोन वर्षांत लाखोंनी लूप बसले, मग आकडा घसरला तो घसरलाच.

माझ्या मते या कुळकथेतलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण हेच. लूपनं पाळी जास्त जाते, ओटीपोट दुखतं, हे डॉक्टरांना माहीत होतं. बायकांना ते आधी सांगितलं जात नव्हतं. शिबिरात बसवायचा, आकडा लिहायचा, पुढच्या गावी जायचं. तपासायला बाई-डॉक्टर मिळणं मुश्कील. आधीच अंगात रक्त कमी असलेली बाई महिन्यातले आठ-दहा दिवस अंगावरून जाऊ लागलं की घाबरणारच, आणि तिचं पाहून शेजारीणही. मग लूप पोटात चढतो, काळजापर्यंत जातो, असं काय काय पसरलं. त्याला अडाणीपणा म्हणणं सोपं होतं. पण रक्तस्राव खरा होता, आणि ज्यांनी त्याबद्दल बोलायचं ते गप्प होते.

याच तक्रारीतून पुढची पिढी जन्मली. गर्भाशय आकुंचन पावलं की त्याच्या आतली जागा टीसारखी होते, तर साधनही त्याच आकाराचं लहान करावं, म्हणजे दुखणं आणि रक्तस्राव कमी होईल, हा अमेरिकेतल्या डॉ. हॉवर्ड टेटम यांचा विचार. त्रास खरंच कमी झाला, पण नुसत्या प्लॅस्टिकच्या टीनं वर्षाला शंभरात अठराजणींना दिवस गेले! तिकडे चिलीत हाइमे झिपर यांनी सशाच्या दुहेरी गर्भाशयाच्या एकाच बाजूला तांब्याची तार ठेवली होती. त्या बाजूला गर्भ जवळपास धरेनात. दोघांनी टीवर तांबं चढवलं. ३० चौरस मिलिमीटर तांब्यानं अठराचे पाच झाले, २००नं एक. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे मुळात गर्भधारणाच होत नाही. ‘तांबी गर्भ पाडते’ हा समज म्हणून चुकीचा.

आपल्याकडे आधी २००ची तांबी आली आणि २००२ पासून ३८०ए. आता बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही ती बसवता येते. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी जेमतेम दोन टक्के तांबी वापरणाऱ्या निघाल्या. ऑपरेशन झालेल्या ३८ टक्के, महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या. पुरुष नसबंदी देशभरात ०.३ टक्के, त्यावर वेगळं काय बोलावं! पाळणा लांबवायचं साधन हाताशी असताना तो कायमचा थांबवण्याकडेच कल राहिला, याला लूपच्या दिवसांतला अविश्वास काही अंशी तरी जबाबदार आहे.

तेव्हा जे सांगायचं राहिलं ते आता सांगते. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाऊ शकते, पोटात कळा येऊ शकतात. क्वचित तांबी आपोआप पडते, बसवताना गर्भाशयाला इजाही होऊ शकते, म्हणून हात सरावाचा हवा. एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून ती संरक्षण देत नाही, तिथे निरोधच. ताप, दुर्गंधी असलेला स्राव, असह्य दुखणं, पाळी चुकणं, दोरा हाताला न लागणं, यांपैकी काहीही झालं तर डॉक्टर गाठायचा. नको वाटली तर मुदतीआधी कधीही काढून मागा, तो तुमचा हक्क आहे, आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. बसवल्याची तारीख, प्रकार आणि काढायचं वर्ष लिहिलेलं कार्ड केंद्रातून मागून घ्या आणि रेशनकार्डाशेजारी ठेवा.