गरोदर स्त्रियांचा रक्तक्षय आणि आहारोपचार : ल्युसी विल्स यांच्या मुंबईतील संशोधनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
अत्यवस्थ रुग्णाच्या पोषणाची गरज भागविणे हा आज अतिदक्षता विभागातील उपचारांचा अविभाज्य भाग आहे. रुग्णास तोंडाने अन्न घेता येत नसल्यास ते नळीद्वारे किंवा शिरेवाटे दिले जाते. आहारातील उणीव जिवावर बेतू शकते आणि ती भरून काढणे हाच उपचार ठरतो, हे दाखविणारे महत्त्वपूर्ण संशोधन मुंबईत झाले. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

विवेचन :
ब्रिटिश संशोधक डॉ. ल्युसी विल्स इ.स. १९२८ मध्ये मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांना जडणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचे कारण शोधणे हे त्यांचे कार्य होते. या विकारात तांबड्या पेशी संख्येने घटतात व आकाराने मोठ्या होतात. अशा अशक्त स्त्रीस बाळंतपणातील रक्तस्राव सोसणे कठीण जाई व अनेकींचा त्यात अंत होई.

परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी रुग्ण स्त्रियांच्या आहाराचा बारकाईने अभ्यास केला. गरीब स्त्रियांच्या निकृष्ट आहाराशी विकाराचा संबंध दिसून आला. तसाच आहार दिलेल्या माकडांनाही रक्तक्षय झाला. मात्र मार्माइट हा यीस्टचा अर्क देताच ती सुधारली. पुढे रुग्ण स्त्रियांनाही त्याचा गुण आला. हे निष्कर्ष इ.स. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले.

घातक रक्तक्षयावर यकृताचा आहार गुणकारी असल्याचे अमेरिकेत मायनॉट व मर्फी यांनी इ.स. १९२६ मध्ये दाखविले होते. परंतु विल्स यांच्या रुग्णांवर शुद्ध केलेला यकृत-अर्क निष्प्रभ ठरला. अर्थात यीस्टमधील गुणकारी घटक निराळा होता. तो 'विल्स घटक' म्हणून ओळखला गेला. इ.स. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून मिळविलेल्या अशाच घटकास 'फॉलिक आम्ल' हे नाव मिळाले व इ.स. १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार झाले.

निष्कर्ष :
घटकाचे नाव ठाऊक होण्यापूर्वीच त्याने रुग्ण बऱ्या झाल्या होत्या. या आजाराचे मूळ गरिबीत व रोजच्या ताटात होते, हे विल्स यांच्या संशोधनाने स्पष्ट केले. आज पाचोऱ्यासारख्या तालुक्यात शासकीय आरोग्य केंद्रातून गरोदर मातेस मिळणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळीमागे हा इतिहास आहे. तथापि गोळी उणीव भरून काढते. ताटातील भाजीची जागा ती घेऊ शकत नाही.